मणक्याचा टीबी आणि १८ वर्षांची अट : मुंबईतल्या किशोरवयीन रुग्णांमागचा इतिहास

मणक्याचा टीबी फार जुना. इजिप्तच्या ममींमध्येही त्याने वाकलेले कणे सापडले आहेत. नीट वैद्यकीय वर्णन १७७९ मध्ये इंग्लंडात झाले, जंतू १८८२ मध्ये सापडला. मुंबईतल्या किशोरवयीन रुग्णांना नवे औषध १८ वर्षांच्या अटीमुळे नाकारले जायचे. तो प्रश्न समजायला मात्र पुढचा टप्पा महत्त्वाचा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रास, हाँगकाँग आणि कोरियातल्या चाचण्यांतून दिसून आले की बहुतेक रुग्ण औषधांनी बरे होतात. सगळ्यांनाच महिनोन् महिने प्लास्टरमध्ये झोपवून ठेवावे लागत नाही. पायांतली ताकद जाऊ लागली किंवा कणा फारच वाकू लागला तर ऑपरेशन, एरवी गोळ्या आणि कमरेला पट्टा, ही रीत रुळली.

औषधे लागू पडतील, हे त्यात गृहीत होते. मुंबईत ते डळमळले. २०१२ च्या सुरुवातीला इथल्या एका खासगी रुग्णालयाने कुठल्याच औषधाला दाद न देणारे रुग्ण जाहीर केले. सरकारी यंत्रणेने त्या शब्दप्रयोगालाच हरकत घेतली, पण शहरात औषधांना न जुमानणारा टीबी पसरला आहे, हे कुणाला नाकारता आले नाही.

किशोरवयीन मुले या चित्रात दिसत नव्हती. सरकारी तक्त्यांत १४ वर्षांपर्यंत मूल आणि १५ पासून मोठा माणूस, त्यामुळे १० ते १९ हा गट दोन रकान्यांत विभागला जायचा. शिवाय मणक्याच्या टीबीत बहुधा खोकला नसतो. पाठदुखी दप्तरावर, वाकून बसण्यावर आणि मुलींच्या बाबतीत पाळीवर ढकलली जाते. एमआरआय होईपर्यंत एखादा मणका खचलेला असतो. वाढीच्या वयात हे नुकसान तिथेच थांबत नाही. जंतू मेल्यानंतरही उंची वाढताना कुबड वाढू शकते, म्हणून अशा मुलांना वाढ पूर्ण होईपर्यंत तपासत राहावे लागते.

आता त्या १८ वर्षांच्या अटीकडे. बेडाक्विलिन हे सुमारे चार दशकांनंतर आलेले टीबीचे नवे औषध. अमेरिकेत २०१२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. भारतात २०१६ मध्ये ते मोजक्या सरकारी केंद्रांतून सुरू झाले. त्यांत मुंबईही होती. अट अशी, की रुग्ण १८ वर्षांचा पूर्ण हवा आणि टीबी फुफ्फुसाचा हवा. म्हणजे मणक्याचा औषध-प्रतिरोधी टीबी झालेली १५ वर्षांची मुलगी वयानेही बाहेर आणि आजाराच्या जागेनेही बाहेर.

या अटीमागे कारणे होती. औषधाचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो, मुलांमधल्या चाचण्या पूर्ण नव्हत्या, साठा मर्यादित होता आणि बेफाम वापराने हेही औषध निकामी होईल ही भीती खोटी नव्हती. पण हा हिशेब अर्धाच होता. औषध नाकारले म्हणून मुलगी सुरक्षित राहत नव्हती. तिला त्याऐवजी कॅनामायसिनसारखी इंजेक्शने महिनोन् महिने टोचली जात, आणि त्यांनी ऐकू येणे कायमचे जाऊ शकते हे तेव्हाही माहीत होते. नव्या औषधाची जोखीम कागदावर मांडली गेली. जुन्याची रुग्णांनी अंगावर घेतली.

त्यातच नमुन्याची अडचण. फुफ्फुसाचा रुग्ण प्लास्टिकच्या डबीत थुंकी देतो आणि काम होते. मणक्यासाठी सीटी स्कॅनवर बघत पाठीतून सुई घालावी लागते. हाडात जंतू मुळातच कमी, त्यामुळे एवढे करूनही रिपोर्ट रिकामा येऊ शकतो. ‘सुई कण्याला लागली तर?’ या धास्तीने आईवडील मागे सरतात. आणि रिपोर्टशिवाय प्रतिरोध सिद्ध होत नाही.

जानेवारी २०१७ मध्ये पाटण्याच्या १८ वर्षांच्या मुलीचे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून तिला बेडाक्विलिन नाकारले होते. न्यायालयात गेल्यावर ते मिळाले. पुढच्या वर्षी ती गेली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांनी कॅनामायसिन बाजूला सारले आणि बेडाक्विलिनसाठी वयाची मर्यादा ६ वर्षांपर्यंत खाली आणली. २०२२ मध्ये त्याखालच्या मुलांनाही ते खुले झाले. भारतातली वयाची अटही सैल झाली. इंजेक्शनांनी श्रवणशक्ती गमावलेल्या मुंबईच्या एका तरुणीने दक्षिण आफ्रिकेतल्या सहकारी रुग्णासोबत या औषधाच्या पेटंटची मुदत लांबवायला हरकत घेतली होती. मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला.

वयाची अडचण अशी सुटत गेली. जागेची तशी सुटली नाही. २०२२ मध्ये प्रतिरोधी टीबीचा सहा महिन्यांचा नवा कोर्स १४ वर्षांपासून पुढच्यांसाठी सुचवला गेला, तेव्हा त्यातून मेंदूचा आणि हाडासांध्यांचा टीबी वगळला होता. त्या सूचनांप्रमाणे मणक्याच्या प्रतिरोधी टीबीसाठी उरतो तो १८ ते २० महिन्यांचा लांब कोर्स. नववीत सुरू झाला, तर दहावीची परीक्षा त्यातच येते.