अ‍ॅलेक्स व्हेरस (कादंबरीमालिका)

अ‍ॅलेक्स व्हेरस : ब्रिटिश लेखक बेनेडिक्ट जॅका यांची इंग्रजी कादंबरीमालिका. २०१२ ते २०२१ या काळात तिचे १२ भाग प्रसिद्ध झाले. लंडनच्या कॅम्डेन भागात जादूच्या वस्तूंचे दुकान चालवणारा एक तरुण मांत्रिक हा तिचा नायक आणि तोच निवेदक. अद्भुत घटना दूरच्या राज्यात न घडता भुयारी रेल्वे, मोबाइल आणि भाड्याच्या खोल्या असलेल्या आजच्या शहरात घडतात, त्या नागरी अद्भुतकथेच्या प्रकारात ही मालिका मोडते.

जॅका यांचा जन्म १९८० चा. वंशाने निम्मे ऑस्ट्रेलियन, निम्मे आर्मेनियन. वाढले मात्र लंडनमध्ये. केंब्रिजला त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि पुढे शिक्षक, क्लबच्या दारावरचा रखवालदार, सरकारी कर्मचारी अशी कामे केली. तत्त्वज्ञानाचा तो अभ्यास मालिकेत ठायी ठायी जाणवतो, कारण नायकाला लाभलेली विद्या हाच मुळात इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न आहे.

या जगात प्रत्येक मांत्रिकाला एकच विद्या येते. कुणाला आग, कुणाला वारा, कुणाला देहातील प्राणशक्ती, कुणाला काळ. अ‍ॅलेक्स भविष्यवेत्ता आहे. आपल्याकडे भविष्य म्हटले की पत्रिका आठवते, म्हणजे आधीच लिहून ठेवलेले काहीतरी वाचायचे. इथली कल्पना अगदी उलट आहे. अ‍ॅलेक्सला पुढच्या क्षणापासून फुटणाऱ्या असंख्य वाटा दिसतात आणि त्याने नुसता बेत बदलला तरी त्या वाटा बदलतात. कुलूपबंद दारापुढे उभे राहून तो एकेक आकडा दाबण्याचा मनाशी निश्चय करतो. ज्या भविष्यात दार उघडलेले दिसते तो आकडा खरा. मारामारीत वार कुठून येणार हे त्याला आधी कळते, म्हणून तो तिथे नसतो. पण तो आग फेकू शकत नाही, ढाल उभी करू शकत नाही. समोरच्या माणसाचे मन अजून ठरलेले नसेल तर त्याला तिथे धुकेच दिसते. थोडक्यात, माहिती भरपूर आणि बळ जवळपास शून्य. नायकाला एवढी नेमकी मर्यादा घालून देणे ही जॅका यांची सर्वांत मोठी करामत आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. प्रत्येक संकटातून सुटताना अ‍ॅलेक्सने काय पाहिले आणि त्यावरून काय ठरवले, याचा हिशेब वाचकाला लावता येतो. ऐन वेळी कुठला तरी गुप्त मंत्र आठवून सुटका होत नाही.

पहिला भाग 'फेटेड' (२०१२) उघडतो तेव्हा अ‍ॅलेक्स दुकानात पुस्तक वाचत बसलेला असतो आणि सवयीने भविष्यही चाळत असतो. ब्रिटिश म्युझियममध्ये एक प्राचीन वस्तू आहे, तिच्यापर्यंत पोहोचायला सर्वांनाच भविष्यवेत्ता हवा आहे, हे लवकरच कळते. मांत्रिकांचे दोन गट आहेत, लाइट आणि डार्क. ही नावे फसवी आहेत. लाइट गटाची कौन्सिल कायदे करते, पण ते कायदे तिच्या सोयीने वाकतात. डार्क गट बळालाच न्याय मानतो आणि तसे उघड सांगतो. अ‍ॅलेक्स कुणाच्याच बाजूने नाही. का नाही, ते सांगणे टाळतच तो गोष्ट सांगत राहतो.

त्याचा लपवलेला भूतकाळ असा. शाळकरी वयात तो एकटा पडलेला, चिडलेला मुलगा होता. रिचर्ड ड्राख नावाच्या डार्क मांत्रिकाने त्याला हेरले आणि शागीर्द करून घेतले. शिरीन, रेचल आणि टोब्रुक हे बाकीचे तिघे शागीर्द. रिचर्डच्या हुकमावरून त्यांनी कॅथरीन नावाची एक मुलगी पळवून आणली आणि त्या अपहरणात अ‍ॅलेक्सचा हात होता. नंतर तिचे हाल पाहवले नाहीत म्हणून त्याने तिला सोडवण्याचा प्रयत्न केला. तो फसला आणि तो स्वतःच कैदी झाला. पुढे तो निसटला, कौन्सिलकडे मदत मागायला गेला तेव्हा तिने दार लावून घेतले, आणि शेवटी टोब्रुकला मारून तो जिवंत राहिला. मैत्रीण शिरीन रेचलच्याच हातून मेली. मग रिचर्ड दिसेनासा झाला आणि अ‍ॅलेक्सने दुकान थाटले.

हे सारे एकदम उलगडत नाही. पहिल्या तीन भागांत तुकडे मिळतात आणि वाचकाचा कल अ‍ॅलेक्सला बळी समजण्याकडे असतो. चौथा भाग 'चोझन' (२०१३) तो समज मोडतो. कॅथरीनचा भाऊ विल काही तरुण साथीदार घेऊन सूड उगवायला येतो. त्याच्या बाजूने पाहिले तर तोच नायक आहे आणि अ‍ॅलेक्स खलनायक. अ‍ॅलेक्स त्यांना पुन्हा पुन्हा समजावतो, ते ऐकत नाहीत, आणि शेवटी तो त्यांना ठरवून सापळ्यात नेतो. त्यातले बहुतेक मरतात. त्यानंतर अ‍ॅन आणि सोंडर हे मित्र त्याच्यापासून दूर होतात. सोंडर कालविद्येचा जाणकार आहे. घडून गेलेले जसेच्या तसे पाहणे हीच त्याची विद्या. ज्याला फक्त पुढचे दिसते त्याच्याकडे, मागचे पाहू शकणारा मित्र पाठ फिरवतो. ही जुळणी लेखकाने कुठेही बोलून दाखवलेली नाही. ज्याला सगळी मालिका वाचायला वेळ नाही त्याने निदान इथपर्यंत वाचावे.

इतर पात्रांत लूना महत्त्वाची. तिच्या घराण्याला शाप आहे: तिचे दुर्दैव टळते आणि जवळ येणाऱ्याच्या माथी बसते. म्हणून तिला कुणाला स्पर्श करता येत नाही. हॅम्पस्टेड हीथच्या टेकडीखाली राहणारी अरॅक्नी ही महाकाय मादी-कोळी आहे; ती वस्त्रे विणते, सल्लाही देते, आणि पुस्तकातले सर्वांत ऊबदार प्रसंग तिच्याच गुहेतले आहेत. भारतीय वाचकाला ओळखीचे वाटेल असेही काही आहे. तिसऱ्या भागात येणारा व्हेरियम हा अग्निविद्येचा शीख तरुण. तो आणि अ‍ॅन सुरुवातीला जगदेव नावाच्या राक्षसाच्या आश्रयाला असतात. हा राक्षस म्हणजे नुसते शिंगे-सुळे असलेले सोंग नव्हे. वाघाच्या रूपाचा, दीर्घायुषी, वेष पालटणारा आणि मांत्रिकांशी झालेल्या जुन्या युद्धांची सल बाळगून असलेला हा धूर्त यजमान आहे.

पाचव्या भागाच्या अखेरीस रिचर्ड परततो आणि मालिकेचा रोख पालटतो. कौन्सिलची नोकरी, मृत्युदंडाचा ठराव, दुकानाची राखरांगोळी, मग त्याच कौन्सिलमध्ये आसन, असा प्रवास 'व्हेल्ड' (२०१५) ते 'मार्क्ड' (२०१८) या भागांत होतो. यातले राजकारण काही ठिकाणी लांबते. बैठका आणि डावपेच यांत लंडन शहर हरवून जाते, ही या मधल्या भागांची खरी उणीव. 'फॉलन' (२०१९) मात्र घाव घालतो. नशीब वळवणारे जे प्राचीन आयुध अ‍ॅलेक्सने पहिल्या भागात नाकारले होते ते तो इथे स्वतःहून स्वीकारतो, आणि रेचलच्या मंत्राने नष्ट झालेल्या हाताच्या जागी तेच जडते. ज्या निर्दयपणापासून तो पळाला होता तो आता त्याला हत्यार म्हणून लागतो. 'रिझन' (२०२१) या बाराव्या भागात सर्व धागे मिटतात. शेवट इथे सांगणे वाचकावर अन्याय होईल.

सगळ्या भागांना इंग्रजीत एकशब्दी नावे आहेत आणि ती सगळी भूतकाळवाचक धातुसाधिते आहेत: शापित, निवडलेला, लपलेला, बांधलेला, डागलेला. हे कुणी केले ते शीर्षक सांगत नाही. मराठीत भाषांतर करू पाहणाऱ्याची इथे कसोटी लागेल, कारण आपल्या विशेषणांना लिंग लागते आणि 'शापित' सोडले तर नाव पुरुषाचे की बाईचे हे आधीच ठरवावे लागते. मूळ शीर्षक काही वेळा अ‍ॅलेक्सपेक्षा लूना किंवा अ‍ॅनलाच अधिक लागू पडते.

या प्रकारातील जिम बुचर यांची शिकागोतील मांत्रिकाची मालिका २००० साली सुरू झाली होती. जॅका यांनी पहिल्याच भागात, टेलिफोन डिरेक्टरीत 'मांत्रिक' म्हणून नाव देणाऱ्या शिकागोच्या एका माणसाचा उल्लेख करून तिला प्रेमाने नमस्कार केला आहे, आणि बुचर यांनीही या मालिकेचे जाहीर कौतुक केले. अ‍ॅलेक्सची गोष्ट संपवल्यावर जॅका यांनी २०२३ मध्ये लंडनमध्येच घडणारी नवी मालिका सुरू केली. तिच्यात जादूचे झरे श्रीमंत घराण्यांच्या आणि कंपन्यांच्या मालकीचे आहेत आणि नायकाच्या खिशात पैसे नाहीत.