‘एक्स’चा आकडा : लांब झूमच्या डिजिटल कॅमेऱ्यांची पार्श्वभूमी

लांब झूमचा डिजिटल कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाच्या नजरेत खोक्यावरचा ‘एक्स’चा आकडा आधी भरतो : ५० एक्स, ६५ एक्स, १२५ एक्स. कॅमेरा किती दूरचे टिपतो हे त्या आकड्यावरून कळते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो लेन्सच्या सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड फोकल लेंग्थचा (लेन्सची पोच सांगणाऱ्या मिलिमीटरमधल्या मापाचा) भागाकार असतो, इतकेच. सोनीचा १९९८ सालचा माविका एफडी ९१ हा १४ एक्सचा कॅमेरा ३७ मिलिमीटरपासून ५१८ पर्यंत जात असे, तर ऑलिम्पसचा २००७ सालचा एसपी ५५० हा १८ एक्सचा कॅमेरा २८ पासून ५०४ पर्यंत. म्हणजे आकडा लहान असूनही जुन्याची पोच किंचित जास्तच होती. (ही मापे ३५ मिलिमीटर फिल्मच्या तुलनेत सांगण्याची प्रथा आहे आणि येथेही, वेगळे म्हटले नसेल तेथे, ती तशीच दिली आहेत.)

स्थिरछायाचित्रणासाठी पहिली झूम लेन्स १९५९ मध्ये आली. फ्रँक बॅक यांनी रचलेली आणि फोइग्टलेंडर कंपनीने विकलेली ती ‘झूमार’ ३६ ते ८२ मिलिमीटरची होती, म्हणजे आजच्या भाषेत जेमतेम सव्वादोन एक्सची होती. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असल्यामुळे तेवढे क्षेत्र उजळवणारी लेन्स लांब करत नेली की ती जड, मोठी आणि महाग होत जाई. लहानसा कॉम्पॅक्ट कॅमेरा आणि एसएलआर (आरशाच्या साहाय्याने लेन्समधूनच दृश्य दाखवणारा मोठा कॅमेरा) यांमधली दरी सांधणारे म्हणून ‘ब्रिज’ म्हटले गेलेले कॅमेरे १९८८ नंतर निघाले खरे. पण त्यांतला ऑलिम्पसचा १९९० सालचा नावाजलेला आयएस मालिकेतील कॅमेराही ३५ ते १३५ मिलिमीटरवरच थांबला होता.

ही कोंडी फोडणारे तंत्र आले ते व्हिडिओ कॅमेऱ्यांकडून. त्यांचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी चित्र टिपणारी चिप, नखाएवढा असे; त्यामुळे इवल्याशा लेन्सलाही मोठा पल्ला देता येई. माविका एफडी ९१ मध्ये हीच युक्ती होती. चित्र आठ लाखांच्या आसपास पिक्सेलचे होते आणि ते १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर साठवले जाई, हे आज वाचताना गंमत वाटते. तरीही लहान सेन्सर, लांब झूम आणि हाताचा कंप शोषून घेणारी प्रकाशीय व्यवस्था हे या वर्गाचे तिन्ही घटक त्यात एकत्र आलेले होते.

यांतला तिसरा घटक सर्वांत कमी चर्चिला जातो, पण त्यावाचून बाकीचे दोन व्यर्थ ठरले असते. ५०० मिलिमीटरवर फोटो हलू नये म्हणून शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतके तरी जलद हवे, असा छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे, आणि सायंकाळी तो पाळता येत नाही. निकॉनने १९९४ मध्ये एका फिल्म कॅमेऱ्यात आणि कॅननने १९९५ मध्ये एसएलआरच्या लेन्समध्ये कंपरोधक यंत्रणा आणली होती. ती डिजिटल कॅमेऱ्यांत रुळली तेव्हाच लांब झूम हातात धरून वापरण्याजोगा झाला. ऑलिम्पसचा २००० सालचा सी २१००, म्हणजे २ मेगापिक्सेलचा आणि ३८ ते ३८० मिलिमीटरचा कॅमेरा, त्या काळचा चांगला नमुना होता.

माझ्या मते या इतिहासातील सर्वांत समंजस टप्पा २००२ चा आहे. पॅनासॉनिकच्या एफझेड १ ची लेन्स ३५ पासून ४२० मिलिमीटरपर्यंत एफ २.८ हे तोंड कायम ठेवत असे (एफचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ भागिले तोंडाचा व्यास; तो जितका लहान तितका प्रकाश जास्त). झूम पुरता ताणला तरी प्रकाश कमी होत नसे. मेगापिक्सेल आणि त्यांच्याबरोबर सेन्सर वाढू लागल्यावर तीच पोच राखताना २००५ च्या एफझेड ३० मध्ये हे तोंड टोकाला एफ ३.७ झाले. पुढे २०१२ मध्ये एफझेड २०० ने लहान सेन्सरवर परत येऊन २५ ते ६०० मिलिमीटर एफ २.८ वर साधले.

दरम्यान इतरांची शर्यत आकड्यांची होती. ऑलिम्पसने २००९ मध्ये २६ एक्स, फुजीफिल्मने २०१० मध्ये ३०, त्याच वर्षी कॅननने ३५ आणि २०१२ मध्ये ५० एक्स गाठले. निकॉनचा पी ९०० हा २०१५ मध्ये ८३ एक्ससह २००० मिलिमीटरवर, आणि २०१८ चा पी १००० हा १२५ एक्ससह ३००० मिलिमीटरवर गेला. पी १००० च्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ ५३९ मिलिमीटर आहे आणि टोकाला ती एफ ८ वर असते, म्हणजे तोंड सुमारे ६७ मिलिमीटरचे. फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरसाठी हेच करायचे तर तोंड पावणेचारशे मिलिमीटर, जेवणाच्या ताटाहून रुंद लागले असते. लहान सेन्सरमुळे वाचते ते हे. पण मोबदलाही द्यावा लागतो. एफ ८ वर प्रकाशाच्या विवर्तनाने, म्हणजे तोंडातून जाताना तो पसरल्याने, बिंदूची चकती सुमारे १० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होते, तर या सेन्सरचा एक पिक्सेल दीड मायक्रॉनही भरत नाही. तोंड लहान केले तर ही चकती आणखी पसरते. शिवाय कॅमेरा १४०० ग्रॅमवर गेला, तेव्हा हलकेपणाचा मूळ फायदाही उरला नाही. भिगवणला उजनीच्या पाण्यावर होडीतून रोहित टिपणाऱ्याला दुपारी आणखी एक अडचण येते : तापलेल्या हवेच्या लहरींनी दूरचा पक्षी थरथरता दिसतो, आणि त्यावर कोणत्याही लेन्सकडे उतारा नाही.

प्रकाशाची बाजू धरणारी दुसरी शाखा ‘एक इंची’ म्हणवल्या जाणाऱ्या सेन्सरकडे वळली. त्याचे क्षेत्रफळ नेहमीच्या लहान सेन्सरच्या चौपट असते. सोनीचा आरएक्स १० हा २०१३ मध्ये २०० मिलिमीटरपर्यंतच होता. २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीने ६०० मिलिमीटर एफ ४ वर गाठले, तेही केवळ २५ एक्समध्ये. वजन एक किलोच्या वर आणि किंमत लहान सेन्सरवाल्यांच्या कितीतरी पट, त्यामुळे तो सर्वांच्या आवाक्यात आला नाही. तरी पहाटेच्या किंवा दाट जंगलातल्या प्रकाशात फोटो काढणाऱ्याने १२५ एक्सपेक्षा या २५ एक्सकडे आधी पाहावे.

याच काळात बाजारच आटला. डिजिटल कॅमेऱ्यांची जागतिक पाठवणी २०१० मध्ये १२ कोटींच्या वर होती, ती २०२० मध्ये ९० लाखांच्या आत आली. साधा कॉम्पॅक्ट फोनने गिळला आणि झूमवाल्यांच्या नव्या आवृत्त्याही विरळ झाल्या. २०२४ मध्ये पॅनासॉनिकने जुन्या ६० एक्स कॅमेऱ्याची आणि २०२५ मध्ये निकॉनने पी १००० ची नवी आवृत्ती आणली. दोहोंत लेन्सचा पल्ला जुनाच आणि ठळक बदल यूएसबी-सी जोडणीचा आहे. युरोपीय संघाचा एकसमान चार्जरचा नियम २८ डिसेंबर २०२४ पासून कॅमेऱ्यांनाही लागू झाला, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.