खिंडीच्या उत्तरेची शोलाकिळी, दक्षिणेची शोलाकिळी

उटीत टिपलेल्या पाखराचा फोटो आणि मुन्नारमध्ये टिपलेल्या पाखराचा फोटो, दोन्हींखाली बरेच जण एकच नाव लिहून मोकळे होतात: शोलाकिळी. पक्षी मात्र दोन आहेत. शोला म्हणजे दक्षिण सह्याद्रीच्या माथ्यावरच्या घळींमधलं धुक्याचं, बुटकं, शेवाळलेलं जंगल. किळी म्हणजे मल्याळममध्ये पाखरू.

फोटोत आधी कुशी बघा. निलगिरी शोलाकिळीची पाठ आणि छाती पाटीसारखी निळसर करडी असते, पण कुशी तांबूस, आणि तो तांबूसपणा शेपटीखालपर्यंत उतरतो. पांढऱ्या पोटाच्या शोलाकिळीत तांबूस रंगाचा मागमूस नसतो. कुशी निळसर करड्या, पोट पांढरं, डोळ्यावरची पांढरी भुवई जास्त ठसठशीत. दोन्हींत नर-मादी सारखेच दिसतात. (हिवाळ्यात हिमालयातून उतरणारा निळा रॉबिनही याच रानात भेटतो, त्याच्या नराचा गळा आणि छातीच नारिंगी असते.)

पण शोलात भर दुपारीही अंधारून आलेलं असतं आणि हे पाखरू झुडपांच्या बुंध्याशी किडे टिपत फिरतं. कुशी नीट दिसेलच असं नाही. अशा वेळी मी रंगाआधी विचारते, तुम्ही पालक्काड खिंडीच्या कुठल्या बाजूला होता? कोइमतूरहून पालक्काडला जाणारी रेल्वे जिथून जाते ती ही खिंड, तीसेक किलोमीटर रुंद आणि जेमतेम दीडशे मीटर उंचीची. शोलाकिळी साधारण १,२०० मीटरच्या वरच राहते. तिच्यासाठी हा उष्ण सखल पट्टा समुद्रासारखा आहे आणि लाखो वर्षं तो ओलांडला गेलेला नाही. खिंडीच्या उत्तरेला, निलगिरीपासून चिकमगळूरजवळच्या बाबाबुदनगिरीपर्यंत, तांबूस कुशीची. दक्षिणेला, अन्नामलै, पळनी आणि मुन्नारच्या डोंगरांत, पांढऱ्या पोटाची. दोघी एका रानात कधीच भेटत नाहीत.

जेर्डन या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने निलगिरीच्या पक्ष्याचं आणि ब्लॅनफर्ड या दुसऱ्या अभ्यासकाने पळनीच्या पक्ष्याचं वर्णन एकोणिसाव्या शतकातच वेगवेगळं केलं होतं, तरी पुढे बराच काळ दोन्ही एकाच जातीत कोंबले गेले. २०१७ साली संशोधक व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासून त्यांच्यासाठी 'शोलिकोला' ही स्वतंत्र प्रजाती (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली. त्याच अभ्यासात आणखी दक्षिणेला, शेनकोट्टा खिंडीपलीकडच्या अशांबू डोंगरांतला पक्षीही वेगळा निघाला. काही याद्या त्याला अजून पांढऱ्या पोटाच्या शोलाकिळीची उपजातच मानतात.

हा नुसता नावांचा कीस नाही. निलगिरीतल्या शोला आणि गवताळ माळांच्या जागी चहा, निलगिरीची झाडं (युकॅलिप्टस) आणि वॅटल ही बाभळीसारखी परदेशी झाडं आली. तिथली शोलाकिळी आज संकटग्रस्त गणली जाते. ती संपली, तर मुन्नारची शोलाकिळी खिंड ओलांडून तिची जागा घ्यायला येणार नाही. म्हणून नोंद करताना नावासोबत डोंगराचं नावही लिहा.