चुका लावावा, आंबुशी आवरावी

आंबुशी या आंबट पानांच्या तणाची पिकत आलेली शेंग चिमटीत धरून हलकेच दाबली की बारीक तडतड होते आणि तपकिरी दाणे बोटांवर आदळतात. शेंग जेमतेम नखाएवढी, पाच कडांची, मेणबत्तीसारखी ताठ उभी. आतल्या प्रत्येक बीभोवती ताणलेलं पांढरट आवरण असतं. ते फाटतं, मोजा उलटा करावा तसं क्षणात आतलं बाहेर होतं आणि बी भिरकावली जाते. एखाद-दोन मीटर सहज. शेजारच्या कुंडीत ती कशी पोचली, याचं उत्तर एवढंच आहे.

तिला मुद्दाम कोणी लावत नाही. विकत आणलेल्या रोपाच्या मातीतून ती येते आणि घरची मालकीण होऊन बसते. चुका ही पालेभाजी मात्र आपण हौसेने लावतो. दोघांची पानं चावली तर चव तशीच आंबट, पण नातं काही नाही. चुका रुमेक्स प्रजातीतला, आंबुशी ऑक्झॅलिस प्रजातीतली, कुळंही वेगळी. जुळतं ते आम्ल. ऑक्झॅलिक आम्लाला नावच मुळी आंबुशीच्या प्रजातीवरून मिळालं. साखरेवर नायट्रिक आम्लाची क्रिया केली की मिळणारं आम्ल आणि या आंबट पाल्यातलं आम्ल एकच आहे, हे १७८४ साली कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं.

चुका लावणं सोपं. बी सेंटीमीटरभरापेक्षा खोल टाकू नये, माती ओलसर ठेवावी. बहुवर्षायू चुक्याच्या दोन रोपांत ३० सेंमी अंतर ठेवलं तर पानं ऐसपैस होतात. बाहेरची पानं खुडत राहावं, मधला कोंब सोडावा. मधूनच एक दांडा सरसर वर चढू लागला की तो बुडापासून कापायचा. फुलोऱ्यावर आलं की रोप पानांकडे बघत नाही, आणि बी पडलं तर पुढच्या हंगामात वाफाभर चुकाच चुका. तीन-चार वर्षांनी गड्डा उपटून, फोडून पुन्हा लावला की तो तजेलदार होतो.

या बहुवर्षायू चुक्यात, म्हणजे रुमेक्स ॲसिटोसात, नर आणि मादी झाडं वेगळी असतात. गंमत अशी, की मादीच्या पेशीत १४ गुणसूत्रं आणि नराच्या १५, कारण लिंग ठरवणारी गुणसूत्रं मादीकडे दोन एक्स, तर नराकडे एक एक्स आणि दोन वाय असतात! वनस्पतींत हा प्रकार विरळाच. बी नको असेल तर नुसती मादी झाडं काढली तरी भागतं. पण ते ओळखायला दांडा येऊ द्यावा लागतो, म्हणून मी सरसकट कात्रीच चालवतो.

चुक्याचा एक भाऊबंद मात्र डोक्याला ताप आहे: रुमेक्स ॲसिटोसेला. याची मुळं जमिनीखालून आडवी पसरतात आणि तुटलेल्या प्रत्येक तुकड्यातून नवा कोंब फुटतो. कुदळ मारली तर एकाची दहा झाडं होतात. आम्लधर्मी, निकस जमिनीत तो फोफावतो. नुसता चुना टाकून तो मरत नाही. जमीन कसदार करून दुसरी दाट वाढणारी पिकं घेतली की त्याचा जोर ओसरतो.

आंबुशीच्या बाबतीत वेळ साधावी लागते. शेंगा धरण्याआधी, माती ओली असताना, सोटमुळासकट उपटावी. तिचं खोड जमिनीला टेकेल तिथे पेरापेरातून मूळ धरतं, म्हणून टोकाला धरून ओढण्यात अर्थ नाही. बियांना रुजायला उजेड लागतो; चार-पाच सेंमी पालापाचोळ्याचा थर घातला तर बऱ्याचशा बिया तशाच पडून राहतात. सारखी माती उकरली तर उलट आपणच त्यांना उजेड दाखवतो. शेंगा लागलेली झाडं कंपोस्टात नकोत.

चुक्याचा पाला उकळून पाणी टाकलं की विद्राव्य ऑक्झॅलेट, म्हणजे ऑक्झॅलिक आम्लाचा पाण्यात विरघळणारा क्षार, बरंच निघून जातं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी तरीही तो बेताने खावा. शिजताना हिरवागार पाला मळकट शेवाळी होतो, कारण आम्ल हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम हुसकावून लावतं. लोखंडी भांड्यात तर तो काळाच पडतो.

कुंड्यांतली आंबुशी मी निवडून काढतो, कुंपणालगतची राहू देतो. आशियात बऱ्याच ठिकाणी दिसणाऱ्या एका चिमुकल्या निळसर फुलपाखराच्या अळ्या तिच्याच पानांवर वाढतात. संध्याकाळी पानं छत्रीसारखी मिटली की त्या शोधणं कठीण होतं, सकाळी बघावं.