फिश टाकोची पार्श्वभूमी : बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा विसाव्या शतकातला पदार्थ

मेक्सिकोच्या वायव्येला, अमेरिकेच्या सीमेपासून दक्षिणेकडे उतरत गेलेल्या बाहा कॅलिफोर्निया या चिंचोळ्या द्वीपकल्पावरची दोन गावे फिश टाकोच्या जन्माचा मान आपल्याकडे घेतात : पॅसिफिक किनाऱ्यावरचे एन्सेनादा आणि पलीकडच्या बाजूला, कॅलिफोर्नियाच्या आखातावरचे सान फेलिपे. पदार्थ मात्र दोन्हीकडे जवळपास एकच आहे. पांढऱ्या माशाचा तुकडा मैद्याच्या, बहुधा बिअर घालून भिजवलेल्या, दाटसर पिठात घोळून तळतात आणि मक्याच्या गरम तोर्तियावर, म्हणजे पातळ भाकरीवर, ठेवतात. वर बारीक चिरलेला कोबी, पातळ केलेले मेयोनेज किंवा क्रेमा (आंबूस साय), साल्सा आणि लिंबू.

या साध्या रचनेची गोडी सहज उलगडून दाखवता येते. असा मासा मुळात कमी चरबीचा आणि सौम्य चवीचा असतो. पिठाच्या आवरणात तो आपल्याच वाफेवर शिजून रसाळ राहतो, त्याला नसलेली स्निग्धता वरची क्रेमा पुरवते आणि लिंबू तळणाचा जडपणा कमी करते. कोबीची निवड मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण तो गरम माशाला लागूनही लेट्यूससारखा लगेच मलूल होत नाही आणि हातगाडीवर उन्हात बराच वेळ टिकतो.

हा पदार्थ हजारो वर्षांचा आहे, असे पुष्कळदा सांगितले जाते. मध्य मेक्सिकोतल्या सरोवरांकाठचे लोक स्पॅनिश येण्यापूर्वीपासून मक्याच्या भाकरीबरोबर मासे खात होते, हे खरे. पण बाहाच्या बहुतेक भागात शेती नव्हती. तिथले कोचिमी वगैरे समाज शिकार, कंदमुळे आणि समुद्रातले अन्न यांवर जगत, आणि १६९७ मध्ये लोरेतो येथे जेझुइट या कॅथलिक धर्मप्रसारकांनी मिशन स्थापल्यानंतरच शेती तिथे हळूहळू रुजली. शिवाय गव्हाचे पीठ, कोबी, लिंबू आणि तळणासाठी लागणारी डुकराची चरबी या चारही गोष्टी युरोपीय लोकांबरोबर आल्या. त्यामुळे आजच्या फिश टाकोला प्राचीन म्हणणे मला पटत नाही.

दुसरे मत जपानकडे बोट दाखवते आणि त्याचा विचार गंभीरपणे करायला हवा. १९१२ मध्ये मासाहारू कोंदो या जपानी मत्स्यतज्ज्ञाने बाहाच्या पाण्यात मासेमारीचा परवाना मिळवला आणि पुढच्या काळात अनेक जपानी कोळी व अबलोनी शिंपले काढणारे पाणबुडे एन्सेनादा परिसरात स्थिरावले. तळलेल्या माशाची कल्पना त्यांच्या तेंपुरातून, म्हणजे पिठात बुडवून तळण्याच्या जपानी प्रकारातून, आली असावी, असा हा तर्क आहे. मात्र दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सुरुवातीला, मेक्सिको सरकारने किनाऱ्यावरच्या आणि सीमेलगतच्या जपानी कुटुंबांना मेक्सिको सिटी व ग्वादालाहाराकडे हलवले, आणि फिश टाकोच्या गाड्यांच्या स्थानिक आठवणी प्रामुख्याने त्यानंतरच्या दशकांतल्या आहेत. तेंपुराचे आवरण गार पाण्यात जेमतेम कालवलेले आणि विरळ असते. एन्सेनादाचे पीठ दाट, अनेकदा मोहरीची चव दिलेले आणि बेकिंग पावडरने फुगवलेले असते. मासेमारीचा धंदा उभा करण्यात जपान्यांचा हात निश्चित होता; पिठाबाबत तेवढ्या खात्रीने बोलता येत नाही.

तेंपुराची मुळेही सोळाव्या शतकात नागासाकीला आलेल्या पोर्तुगीजांच्या तळणापर्यंत नेली जातात, आणि नागासाकीचा त्यांचा व्यापार गोव्याहून मलाक्का व मकावमार्गे चालत असे. मेक्सिकोत मासा पिठात घोळून तळण्याची रीत स्पेनकडून थेट आली. ईस्टरपूर्वीच्या लेंटच्या उपवासात मांस वर्ज्य असल्याने कॅथलिक घरांत माशाला मागणी होतीच. म्हणजे जपानी वाट धरली काय किंवा स्पॅनिश, दोन्ही इबेरियातच, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातच, पोहोचतात.

पदार्थाला आजचे रूप मिळाले ते बंदरावरच्या स्वस्त मासळीमुळे. गाड्यांवर पूर्वी छोटा शार्क, म्हणजे आपल्याकडच्या मुशीच्या जवळचा कासोन, सर्रास वापरला जाई. त्याचे मांस घट्ट असते आणि त्यात बारीक काटे नसतात, त्यामुळे उभ्याने खाणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तो सोयीचा होता. १९७३ मध्ये द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत महामार्ग पूर्ण झाला आणि कॅलिफोर्नियातून येणारे पर्यटक व सर्फर वाढले. सान फेलिपेत ही चव लागलेल्या राल्फ रुबियो यांनी १९८३ मध्ये सॅन डिएगोच्या मिशन बे भागात छोटे दुकान काढले, आणि त्यांच्या साखळीने फिश टाको अमेरिकेत घरोघरी माहीत करून दिला. तिथे पुढे भाजलेल्या माशाचे टाकोही रूढ झाले. एन्सेनादाच्या गाड्यांवर मात्र अजून तळलेलाच मासा मिळतो.