डिटेक्टर कोण बांधणार, मोजणार कोण?

अणुकेंद्रकीय भौतिकीच्या प्रयोगाचा आराखडा करायला बसलं की दोन याद्या लागतात. एक हार्डवेअरची, दुसरी विद्यार्थ्यांच्या कामांची. कोणी काय करायचं हे कागदोपत्री गाईड ठरवतात, पण गेल्या शंभर वर्षांत ते मुख्यतः डिटेक्टरनेच, म्हणजे कण टिपणाऱ्या उपकरणानेच, ठरवलं आहे.

१९०९ साली मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत डिटेक्टर होता झिंक सल्फाईडचा पडदा. अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून निघणारा भारित कण) आदळला की त्यावर बारीकशी चमक उठायची आणि ती अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकातून मोजावी लागायची. म्हणजे डिटेक्टरचा निम्मा भाग माणसाचा डोळा. रदरफर्ड यांचे सहकारी गायगर यांच्या हाताखाली शिकणाऱ्या अर्न्स्ट मार्सडेन या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला काम मिळालं ते धातूच्या पत्र्यावरून कण मागे उसळतात का, हे पाहण्याचं. फारसं काही हाती लागेल अशी अपेक्षा नव्हती. प्लॅटिनमवरून सुमारे ८,००० पैकी एक कण परत येताना दिसला, आणि १९११ मध्ये रदरफर्डनी अणुकेंद्रकाची कल्पना मांडली.

डोळ्यांवर विसंबण्याची किंमत पुढे व्हिएन्नात मोजावी लागली. अल्फा कणांच्या माऱ्याने कोणती मूलद्रव्यं फुटतात, यावरून तिथली रेडियम संस्था आणि केंब्रिज यांच्यात अनेक वर्षं वाद धुमसत होता. १९२७ च्या डिसेंबरात केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ चॅडविक स्वतः व्हिएन्नाला गेले. तिथे मोजणीचं काम प्रामुख्याने तरुण स्त्रिया करत. पुढे काय ठेवलं आहे हे त्यांना न सांगता चॅडविकनी मोजणी करवून घेतली, तेव्हा केंब्रिजपेक्षा जास्तीचे दिसणारे कण गायब झाले. दोष त्यांच्या माथी मारणं अन्यायाचं ठरेल. आकडा किती यायला हवा हे मोजणाऱ्याला आधीच ठाऊक असेल अशी पद्धत ज्यांनी बसवली, चूक त्यांची.

तोवर यंत्रांनी मोजायची सोय होऊ लागली होती. कण आला की विजेचा स्पंद देणारी गायगर–म्युलर नळी १९२८ ची, आणि त्यातले वॉल्टर म्युलर हे गायगर यांचे पीएचडीचे विद्यार्थी. १९३० मध्ये ब्रुनो रॉसी यांनी एकाच क्षणी आलेले स्पंद वेचणारं निर्वात-नळ्यांचं सर्किट दिलं. अंधारात बसणारा विद्यार्थी आता सोल्डरिंग करू लागला.

त्याने जुळवलेल्या सामग्रीचं मोल १९५७ च्या जानेवारीत दिसलं. कोलंबिया विद्यापीठाच्या सायक्लोट्रॉनवर (कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर) मार्सेल वाइनरिख या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी उपकरणं मांडली होती. लेडरमन आणि गार्विन या भौतिकशास्त्रज्ञांनी तीच आपल्या प्रयोगासाठी वळवून घेतली आणि काही दिवसांत म्युऑन या कणाच्या ऱ्हासात पॅरिटी, म्हणजे डाव्या-उजव्याची सममिती, मोडते हे दाखवून दिलं. शोधनिबंधावर वाइनरिख यांचंही नाव आहे.

१९६४ मध्ये निम (NIM) हे अणुकेंद्रकीय उपकरणांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं मानक आलं. त्यामुळे एका प्रयोगशाळेचं मॉड्यूल दुसरीच्या क्रेटमध्ये (मॉड्यूल बसवायच्या चौकटीत) बसू लागलं, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपला अँप्लिफायर स्वतः बांधायची गरज उरली नाही. हा बदल रुक्ष वाटतो, पण कामाच्या वाटणीवर एखाद्या गाजलेल्या शोधाइतकाच त्याचा परिणाम झाला असं मला वाटतं. शुद्ध जर्मेनियमच्या डिटेक्टरने वेगळीच शिस्त लावली. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची १३३२ केईव्हीची (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) रेषा तो साधारण २ केईव्हीच्या रुंदीत दाखवतो, पण खूप थंड, सहसा द्रव नायट्रोजनने, ठेवला तरच. नायट्रोजन कोणी भरायचा, याच्या पाळ्या तेव्हापासून लागतात.

डिटेक्टरांची संख्या वाढली तशी बांधणी लांबत गेली. कित्येक प्रकल्पांत ती एका पीएचडीच्या काळात मावत नाही, उलट प्रत्यक्ष बीम (प्रवेगकातून येणारा कणांचा झोत) मात्र बऱ्याचदा काही दिवसांचाच मिळतो. कण डिटेक्टरमधून कसे जातील हे संगणकावर दाखवणाऱ्या जिआंट४ सारख्या सिम्युलेशनने थोडा मार्ग काढला: डिटेक्टर उभा राहण्याआधीच त्याची कार्यक्षमता काढणं, हे प्रबंधात शोभणारं काम झालं. नवख्याकडे सहसा कॅलिब्रेशन (डिटेक्टरचे आकडे ज्ञात मूल्यांशी जुळवणं) येतं, जरा मुरलेल्याकडे डेटा संकलन. बीमची तारीख पुढे ढकलली गेली तर कोणाचा प्रबंध अडकेल, हा प्रश्न मात्र दोन्ही याद्यांच्या मधोमध पडतो, आणि आराखड्याच्या पहिल्याच बैठकीत तो कोणीतरी विचारावा लागतो.