जाळी, शाई आणि हातशिलाईची वही : कोकणातील घरगुती छपाईची पार्श्वभूमी

हाताने शिवलेल्या वहीत रोजची टिपणे आणि चित्रे करायची, तिच्या मुखपृष्ठावर घरीच स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई उतरवून, नक्षी उमटवायची, हा छंद कोकणात मुंबई-पुण्याकडून आयता आला, असे सर्रास मानले जाते. मला ते अपुरे वाटते. तंत्र बाहेरचे आहे हे खरे, पण ते ज्या जमिनीत रुजले ती इथलीच आहे.

छापील वह्या स्वस्त होण्यापूर्वी व्यापारी आपली रोजकीर्द आणि खतावणी लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांत लिहीत आणि कीर्तनकार पदे-आख्याने बाडात, म्हणजे हस्तलिखित वहीत, उतरवून ठेवत. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाची चित्रकथी तर चित्रांचीच वही आहे. एका आख्यानाची कागदावर रंगवलेली चित्रे क्रमाने लावलेली असतात, त्या संचाला पोथी म्हणतात, आणि एकेक चित्र पुढे धरून कथा गाऊन सांगितली जाते. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांवरच्या पत्त्यांच्या खेळात, दहा रंग, प्रत्येक रंगाचे बारा, असे १२० गोल पत्ते असतात आणि परंपरेने त्यांतला प्रत्येक पत्ता हातानेच रंगवला जातो. दुसरा संच हवा असेल, तर पुन्हा पहिल्यापासून कुंचला धरावा लागतो. शाळांच्या हस्तलिखितांचेही तेच होते : वर्गातल्या सर्वांनी मिळून सजवलेल्या अंकाची प्रत मात्र एकच. ही अडचण सायक्लोस्टाइलने, म्हणजे मेणकागदाच्या छाप्यावरून प्रती काढणाऱ्या यंत्राने, काही अंशी दूर केली. मुंबईत १९५०च्या दशकात ‘शब्द’ हे अनियतकालिक त्याच यंत्रावर निघाले. पण त्यात रंगाला फारसा वाव नव्हता.

रंगासह आवृत्ती काढण्याची सोय स्क्रीनने केली. तिचे मूळ कातागामी या जपानी कागदी छाप्यात शोधतात. पर्सिमॉन फळाच्या रसाने पक्क्या केलेल्या कागदात नक्षी कापायची आणि तिचे सुटे भाग जागच्या जागी राहावेत म्हणून रेशमाचे बारीक धागे लावायचे, अशी ती पद्धत होती. धाग्यांऐवजी सबंध कापडच ताणले की स्क्रीन झाली. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ साली रेशमी जाळीतून छापण्याचे पेटंट घेतले. पुढे जाळी नायलॉन आणि पॉलिएस्टरची झाली, आणि जाळीवर लावायच्या, प्रकाशाने घट्ट होणाऱ्या लेपामुळे, म्हणजे इमल्शनमुळे, फोटोही जाळीवर उतरू लागला. घरात बसून छापण्याची कल्पना लोकप्रिय केली ती जपानमधल्या ‘प्रिंट गोक्को’ या छोट्या संचाने, १९७७ साली.

आपल्याकडे मात्र हे तंत्र ओळखीचे झाले ते लग्नपत्रिकांमुळे. शंभर-दोनशे पत्रिकांसाठी छापखान्यातल्या ऑफसेट यंत्राची प्लेट परवडत नाही. लाकडी फ्रेम, जाळी, शाई जाळीवरून ओढायची रबरी पट्टीची स्क्वीजी आणि शाई एवढ्या सामग्रीत एका खोलीत काम होते. दारापुढच्या रांगोळीच्या छाप्यासारखाच हा व्यवहार आहे : उघड्या छिद्रांतून रंग खाली जातो, बुजलेल्यांतून जात नाही. पत्रिकेवरचा गणपती ज्या रीतीने छापला जातो, त्याच रीतीने वहीच्या पुठ्ठ्यावर माडाची झावळी उमटते.

किनारपट्टीच्या हवेत या कामाला स्वतःचे वळण लागते आणि त्याविषयी फार कमी लिहिले जाते. कोरड्या उन्हाळ्यात पाण्यातली शाई जाळीतच सुकून छिद्रे बुजवते. पावसाळ्यात तो त्रास कमी होतो, पण इमल्शन लावलेली फ्रेम अंधारात नीट वाळत नाही, आणि ओलसर राहिलेले इमल्शन धुताना नक्षीच्या कडांसकट सुटून येते. त्याहून चिवट अडचण कागदाची आहे. दमट हवेत कागद ओलावा धरून किंचित फुगतो, त्यामुळे सकाळी छापलेल्या हिरव्यावर संध्याकाळी लाल बसवू गेल्यास खुणेला खूण जुळत नाही आणि मध्ये पांढरी फट राहते. म्हणून पावसात एकाच रंगाची नक्षी करावी, हे मला शहाणपणाचे वाटते.

हे काम छपाईच्या दुकानातून घरात येऊ शकले, त्यामागे रसायनांतला बदल मोठा आहे. जुन्या इमल्शनमध्ये बायक्रोमेट हे रसायन असे. ते विषारी आहे आणि परसातल्या विहिरीजवळ फ्रेम धुणाऱ्या घरात त्याला जागा असूच नये. त्याऐवजी आलेली डायझो आणि फोटोपॉलिमर इमल्शने व पाण्यातल्या शाया यांमुळे धोका बराच कमी झाला, तरी धुतलेले पाणी विहिरीकडे किंवा बागेच्या पाटात सोडू नये. नुसती कागदात नक्षी कापून तो जाळीखाली धरला, तर इमल्शनचीही गरज उरत नाही, आणि नवख्याने सुरुवात तिथूनच करावी.